लठ्ठपणाचे मूळ घरात आणि बालपणात: नाशिकच्या पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोड, सिडको, सातपूर, पंचवटी अशा शहराच्या सगळ्या भागांतून मुलांची वाढ तपासून घ्यायला येणाऱ्या आईवडिलांचे आणि आजी-आजोबांचे प्रश्न गेल्या काही वर्षांत बदलले आहेत. पूर्वी ‘बाळाच्या अंगी लागत नाही’ हीच मुख्य तक्रार असे. आता त्याच बाकावर शेजारी बसलेली दुसरी आई ‘याचे पोट सुटत चालले आहे’ असे हळू आवाजात सांगते आणि पाठोपाठ ‘माझे काही चुकले का?’ असेही विचारते. पुढील उत्तरे प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नासाठी लिहिली आहेत. ती सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावीत. एखाद्या विशिष्ट मुलाविषयीचा निर्णय त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

बाळ चांगले गुटगुटीत आहे. ते पुढे लठ्ठ होईल का?

बहुतेक वेळा नाही. ‘बाळसे धरणे’ हा शब्द आपल्याकडे उगाच रूढ झालेला नाही. पहिल्या वर्षात बाळाच्या अंगावर चरबी साठणे ही निसर्गाचीच तरतूद असते. चालायला लागल्यावर ते बाळसे उतरू लागते, मूल उंच आणि सडपातळ दिसू लागते, आणि पाच-सहा वर्षांच्या आसपास ते सर्वांत बारीक असते. नेमक्या याच वयात आजीला ते वाळल्यासारखे वाटते आणि तुपाचा हात सैल सुटतो.

अमेरिकेतील १९९७ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात असे दिसले की, तीन वर्षांखालील मूल जाड असले तरी आईवडील लठ्ठ नसतील, तर मोठेपणी त्याला लठ्ठपणा येण्याची शक्यता फारशी वाढत नाही. उलट, दहा वर्षांखालील मूल जाड असो वा बारीक, आईवडिलांपैकी एकजण जरी लठ्ठ असला तरी त्या मुलाचा पुढचा धोका दुपटीहून अधिक होतो. म्हणजे मांडीवरच्या बाळाचे भविष्य पाहायचे असेल, तर वजनकाट्यावर बाळाआधी त्याला घेऊन आलेल्यांनी उभे राहावे.

आमच्या मुलीचे जन्मवजन तर सव्वादोन किलोच होते. मग तिला लठ्ठपणाचा धोका कसा?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याच्या उत्तराचा बराचसा भाग नाशिकपासून चार-पाच तासांच्या अंतरावर, पुण्यात शोधला गेला आहे. इंग्लंडमधील डेव्हिड बार्कर यांनी १९८० च्या दशकात असे मांडले की, कमी वजनाने जन्मलेल्या बाळांना उतारवयात हृदयविकाराचा धोका अधिक असतो, आणि या धोक्याची सुरुवात गर्भातल्या पोषणात असावी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा सुरू केला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो होते, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे ३.५ किलो. वजनात एवढा फरक असूनही त्वचेखालच्या चरबीची जाडी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातील अवयव. दिसायला किडकिडीत, पण आतून मेदयुक्त अशी ही बाळे होती.

अशा शरीराला गर्भातच काटकसरीची सवय लागलेली असते. मिळेल ते साठवायचे आणि खर्च जपून करायचा, हे त्याचे धोरण. पुढेही अन्न बेताचेच राहिले तर हे धोरण उपयोगी पडते. अन्न भरपूर झाले आणि हालचाल थांबली की तेच अंगाशी येते. दिल्लीत जन्मापासून पाठपुरावा केलेल्या सुमारे दीड हजार स्त्री-पुरुषांचा अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. ऐन तिशीत मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळलेल्या व्यक्ती दोन वर्षांच्या वयापर्यंत बारीक होत्या आणि नंतर बालपणभर त्यांच्या वजनाचा चढ इतरांपेक्षा तीव्र होता. त्यांच्यातील बहुतेक जण लहानपणी ‘लठ्ठ मूल’ या व्याख्येत बसतही नव्हते. ते फक्त स्वतःच्याच आधीच्या रेषेपासून वर सरकले होते.

आपल्या जिल्ह्यात हा बदल एका पिढीत घडताना दिसतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर तालुक्यांतून कामासाठी अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत आलेल्या कुटुंबांत आई नागलीच्या भाकरीवर आणि डोंगर चढउतारावर वाढलेली असते, बाळ कमी वजनाचे जन्मते आणि दोन खोल्यांच्या घरात बिस्किटांच्या पुड्यावर मोठे होते. अशा मुलीला ‘भरून काढायचे’ म्हणून घाईने वजन वाढवू नये. पहिल्या दोन वर्षांत तिची वाढ भरून निघणे आवश्यक आहे, त्यात उंचीची वाढही आलीच. मात्र त्यानंतर केवळ वजनच धावू लागले आणि उंची मागे राहिली, तर ते सुधारणेचे लक्षण नव्हे.

‘आमच्या घराण्याचे हाडच मोठे आहे.’ हे कितपत खरे?

हाडाचा दोष फारसा नाही, पण घराण्याचा भाग मोठा आहे. डेन्मार्कमध्ये ५४० दत्तक व्यक्तींचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यांची शरीरयष्टी जन्मदात्या आईवडिलांशी जुळत होती. ज्यांनी वाढवले त्यांच्याशी तिचा संबंध आढळला नाही. पुढे २००७ मध्ये ‘एफटीओ’ हे जनुक लठ्ठपणाशी जोडले गेले आणि त्याची जोखमीची प्रत आई आणि वडील या दोघांकडूनही मिळालेल्यांचे वजन इतरांपेक्षा सरासरी सुमारे तीन किलोंनी अधिक भरले. अशी आता शेकडो जनुके माहीत आहेत. प्रत्येकाचा परिणाम छोटा, पण एकत्र मिळून भूक किती लागते आणि पोट भरल्याची जाणीव किती लवकर होते, यावर त्यांचा मोठा प्रभाव असतो.

एकाच जनुकातील मोठ्या दोषामुळे येणारा लठ्ठपणा दुर्मीळ आहे. लेप्टिन हे चरबीतून मेंदूला निरोप देणारे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले, आणि तीनच वर्षांनी ते जन्मतःच तयार न होणारी एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातील दोन चुलत-मावस नात्यातील भावंडे इंग्लंडमध्ये आढळली. त्यांची भूक शमतच नव्हती. लेप्टिन दिल्यावर ती शमली. नात्यात विवाह झालेल्या घरात एखादे मूल पहिल्याच वर्षी अन्नासाठी अखंड रडत असेल आणि वजन झपाट्याने चढत असेल, तर तेथे लाडाला दोष देण्याआधी तज्ज्ञाकडे न्यावे.

राहिला प्रश्न, ‘रक्तातच आहे तर प्रयत्न कशाला?’ हा. आपल्या पणजोबांकडेही हीच जनुके होती आणि त्यांच्या बंडीला पोटाशी बटणे तुटण्याची तक्रार नव्हती. जनुके उतार ठरवतात. त्यावर गाडी सोडली जाते ती घरातून.

गरोदरपणी ‘दोन जिवांची’ म्हणून दुप्पट खावे का?

नाही. पहिल्या तीन महिन्यांत अधिक उष्मांकांची जवळजवळ गरजच नसते. नंतरची वाढ एखादी भाकरी, वाटीभर उसळ आणि दूध किंवा ताक एवढ्यात भागते. वजन किती वाढावे, हे आधीचे वजन किती होते यावर ठरते. आंतरराष्ट्रीय पातळीवर २००९ पासून वापरात असलेले निकष सांगतात की, मध्यम बांध्याच्या स्त्रीचे ११.५ ते १६ किलो, आधीच वजन अधिक असलेल्या स्त्रीचे ७ ते ११.५ किलो, तर लठ्ठ स्त्रीचे ५ ते ९ किलो वाढणे पुरेसे असते. किडकिडीत स्त्रीचे मात्र १२.५ किलोंपेक्षा अधिक वाढायला हवे, आणि आपल्या खेड्यांतून खरी काळजी अजूनही हीच आहे.

दुसरा मुद्दा साखरेचा. गरोदरपणातील मधुमेहात आईच्या रक्तातली जास्तीची साखर वारेतून बाळाकडे जाते, बाळाचे स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवते आणि ते इन्सुलिन चरबी साठवते. अमेरिकेतील पिमा आदिवासींत एकाच आईच्या मुलांची तुलना केली गेली, तेव्हा आईला मधुमेह झाल्यानंतर जन्मलेली भावंडे आधी जन्मलेल्यांपेक्षा अधिक जाड आढळली. आई तीच, वडील तेच, घर तेच असल्यामुळे हा फरक केवळ जनुकांच्या खात्यावर टाकता येत नाही. म्हणून पहिल्या भेटीतच ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त तपासतात. साखर १४० किंवा त्याहून अधिक असेल तर निदान होते, आणि कमी आली तरी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पुन्हा तपासणी करतात. ही चाचणी उपाशीपोटीच करावी लागते असे नाही. ‘गोड पाणी प्यायला दिले, मळमळले, म्हणून अर्धेच प्यायले’ असे असेल तर ते तसे सांगावे. न सांगितल्यास आलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

तिसरा मुद्दा ब-१२ जीवनसत्त्वाचा. पुण्याच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये ते कमी होते, आणि ज्या मातांचे ब-१२ कमी पण फोलेट (फॉलिक आम्लाच्या रूपातले जीवनसत्त्व) जास्त होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. शाकाहारी घरात दूध-दही रोज पोटात जाते की फक्त चहात, हे म्हणून विचारावे लागते. मिसरी लावण्याची सवय असेल तर ती सोडावी. तंबाखूने बाळाचे वजन घटते आणि घटलेल्या वजनाची गोष्ट वर आलीच आहे.

आजीने काढलेल्या दुष्काळाचा नातवाच्या वजनाशी काही संबंध असतो का?

गर्भावर उपासमारीचा परिणाम होतो, याचा सर्वांत ठळक पुरावा नेदरलँड्समधला आहे. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तेथील माणसांना दिवसाला हजारापेक्षाही कमी उष्मांकांवर काढावे लागले. त्या काळात पोटात असलेले मुलगे एकोणीस वर्षांचे होऊन लष्करी तपासणीला आले, तेव्हाच्या सुमारे तीन लाख नोंदी १९७६ साली अभ्यासल्या गेल्या. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार झालेल्यांत लठ्ठपणा अधिक, तर शेवटच्या तीन महिन्यांत आणि जन्मानंतर लगेच झालेल्यांत तो कमी आढळला. साठ वर्षांनंतरही अशा व्यक्तींच्या डीएनएवर, जनुके चालू-बंद ठेवणाऱ्या काही रासायनिक खुणांत फरक सापडला. तिसऱ्या पिढीपर्यंत हे कितपत पोहोचते, याचे माणसांतील पुरावे अजून पुरेसे पक्के नाहीत.

रक्तातून नाही, तरी दुसऱ्या एका वाटेने दुष्काळ नक्की पोहोचतो. सिन्नर, येवला, नांदगावकडच्या ज्या आज्यांनी १९७२ साली रोजगार हमीच्या कामावर खडी फोडली आणि सुकडी व आयात केलेल्या मिलो ज्वारीवर दिवस काढले, त्यांच्यासाठी पानात अन्न टाकणे हे पाप आहे आणि मूल अंगाने भरलेले असणे ही खात्यापित्या घराची खूण आहे. त्यांना ‘अडाणी’ ठरवून हा विषय सुटत नाही. त्यांच्या काळी ते शहाणपणच होते. त्यांना वाढीच्या तक्त्यावरची रेषा बोटाने दाखवली की त्या सुनेपेक्षा लवकर समजून घेतात, असा माझा तरी अनुभव आहे.

बाळंतपणातील डिंकाच्या, अळिवाच्या लाडवांचे काय?

दिवसाला एक लाडू असेल तर काही बिघडत नाही. माहेरी सव्वा महिना केवळ शिरा, तूप-भात आणि लाडू, आणि भाज्या-डाळी ‘बाळाला वायू होईल’ म्हणून बंद, असे झाले की आईचे गरोदरपणात वाढलेले वजन उतरत नाही. दोन बाळंतपणांत प्रत्येकी पाच किलो अंगावर राहिले, तर तिसऱ्या वेळी ती स्त्री लठ्ठ म्हणूनच नोंदणीला येते.

अंगावर पाजल्याने पुढचा लठ्ठपणा टळतो का?

पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि पुढे दोन वर्षांपर्यंत किंवा अधिक काळ वरच्या अन्नासोबत तेच दूध, हा सल्ला जंतुसंसर्ग, जुलाब आणि बाळाचा मृत्यू टाळण्यासाठी निर्विवाद आहे. लठ्ठपणाच्या बाबतीत मात्र प्रामाणिकपणे सांगायचे तर पुरावे संमिश्र आहेत. निरीक्षणांवर आधारित अनेक अभ्यासांत अंगावर पाजलेली मुले कमी लठ्ठ आढळतात. पण बेलारूसमध्ये सतरा हजारांहून अधिक माता-बालकांवर झालेल्या मोठ्या प्रयोगात, ज्या रुग्णालयांत स्तनपानाला विशेष प्रोत्साहन दिले गेले तेथील मुले साडेअकराव्या वर्षी इतरांपेक्षा सडपातळ नव्हती. दूध न आल्यामुळे किंवा कामावर लवकर परतावे लागल्यामुळे पावडरीच्या दुधाचा डबा लावावा लागलेल्या आईने, ‘म्हणून माझे मूल जाड झाले’ असे स्वतःला लावून घेऊ नये. डबा लावलाच तर पाण्यातील पावडरीचे माप वाढवू नये आणि बाळाने तोंड फिरवल्यावर बाटलीतले उरलेले दूध संपवण्याचा आग्रह धरू नये.

उष्टावणानंतर बाळाला साखर, गूळ, बिस्किट कधी द्यावे?

दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत वरून घातलेली साखर नको, गूळही नको. हे केवळ कडक शिस्तीसाठी सांगितलेले नाही. ब्रिटनमध्ये युद्धकाळापासून सुरू असलेले साखरेचे रेशनिंग सप्टेंबर १९५३ मध्ये उठले आणि लोकांचे साखर खाणे थोड्याच काळात जवळजवळ दुप्पट झाले. त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे जन्मलेल्यांची तुलना २०२४ साली प्रसिद्ध झाली. गर्भात आणि पहिल्या दोन वर्षांत कमी साखर मिळालेल्यांत, पन्नाशी-साठीत पोहोचल्यावर मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि उच्च रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळला.

आपल्याकडे साखर बाळापर्यंत सहसा मिठाईतून पोहोचत नाही. ती पोहोचते दुधात कुस्करलेल्या बिस्किटातून, ‘ताकदीच्या’ पावडरीतून आणि चहाच्या बशीतून. नागलीचे सत्त्व आपल्या जिल्ह्यात घरोघरी होते आणि ते उत्तम आहे. फक्त त्यात दोन चमचे साखर न घालता शिजवून पाहावे. मोठ्यांना ते बेचव लागेल, पण बाळाला तुलना करायला अजून दुसरे काही चाखलेलेच नसते.

मूल स्वतःहून जेवत नाही. मोबाईल दाखवला की मात्र सगळे संपवते. चालेल का?

संध्याकाळी कॉलेज रोडमागच्या कुठल्याही इमारतीत हे दृश्य दिसते. तीन वर्षांचे मूल सोफ्यावर, समोर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला मोबाईल, आजीच्या हातात वरण-भाताची वाटी. मूल पडद्यावरून नजर न हटवता तोंड उघडते, घास आत जातो, गाल फुगलेलाच राहतो, आजी बोटाने हनुवटीला स्पर्श करते आणि तोंड पुन्हा चालू होते. वीस मिनिटांत वाटी रिकामी होते आणि आजी समाधानाने उठते. यात भूक कुठेही आलेली नाही. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात आणि त्या निरोपाकडे लक्ष जावे लागते. पडदा ते लक्षच काढून घेतो.

लहान मुलांकडे आपली भूक मोजण्याची उपजत कला असते. आग्रहाने आणि सक्तीने ती बोथट होते, तसेच एखादा पदार्थ कडेकोट बंद ठेवल्यानेही बिघडते. लपवून ठेवलेला खाऊ हाती लागला की मूल भूक नसताना खाते, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. म्हणून विभागणी सोपी ठेवावी: काय, केव्हा आणि कुठे जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे, किती, हे मुलाने. वाढताना लहान वाढावे, हवे तर पुन्हा द्यावे. ‘एक घास चिऊचा, एक घास काऊचा’ जरूर म्हणावे, पण चिऊ-काऊ उडून गेल्यावर मामाचा, आत्याचा आणि वॉचमन काकांचा घास शोधू नये.

‘भाजी संपव, मग चॉकलेट देते’ हे वाक्यही टाळलेले बरे. त्यातून भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस, एवढेच मुलाला समजते.

द्राक्षांच्या हंगामात मुले दिवसभर द्राक्षे खातात. वजन वाढेल का?

ताज्या द्राक्षांनी सहसा नाही. शंभर ग्रॅममध्ये सुमारे १६ ग्रॅम साखर असली तरी पाणी भरपूर असते आणि पोट भरते. बेदाण्यांचा हिशेब वेगळा आहे: साधारण चार किलो द्राक्षांचे एक किलो बेदाणे होतात, त्यामुळे मूठभर बेदाणे म्हणजे ताटभर द्राक्षे. रस तर नकोच, घरी काढलेला असला तरी. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे द्राक्ष देऊ नये, उभे चिरून द्यावे. ते घशात अडकते. हा मुद्दा लठ्ठपणाचा नाही, पण नाशिकमध्ये राहून तो न सांगणे बरे नव्हे.

रविवारची मिसळ बंद करावी का?

कशाला? मटकी हे चांगले कडधान्य आहे. तर्री बेताची, पाव दोनच, आणि सोबतची जिलेबी व शीतपेय दर खेपेला नको, एवढे पुरे. तीनशे मिलीच्या शीतपेयात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सहा-सात चहाचे चमचे. आठवड्यातून एकदा बाहेरची मिसळ खाणाऱ्या घरापेक्षा, रोज संध्याकाळी चिवडा आणि फरसाणाचा डबा उघडा असणारे घर मला जास्त काळजीचे वाटते.

झोपेचा आणि वजनाचा खरोखर संबंध आहे का?

आहे, आणि पालक याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष देतात. कमी झोपणारी मुले पुढे अधिक लठ्ठ होतात, हे अनेक देशांतील दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासांत आढळले आहे. झोप अपुरी झाली की भूक वाढते आणि गोड-तेलकटाकडे ओढा होतो. एक-दोन वर्षांच्या बाळाला दिवसभरात मिळून ११ ते १४ तास, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, शाळकरी मुलाला ९ ते १२ तास आणि किशोरवयीनांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळी सातची शाळा, वडील रात्रपाळीहून किंवा उशिरा घरी येतात म्हणून साडेदहाला जेवण, मग टीव्ही, अशा घरात हा हिशेब बसतच नाही. मुलांचे जेवण आठच्या आत वेगळे उरकावे. वडिलांसोबत बसायचे असेल तर गप्पांना बसावे.

पाच वर्षांपुढच्या मुलाला दिवसाला किमान साठ मिनिटे घाम येईल असा खेळ हवा. गोल्फ क्लब मैदानावर महागड्या प्रशिक्षणाला नेले नाही तरी चालेल. इमारतीच्या आवारात लगोरी खेळले तरी तेवढाच घाम येतो, अर्थात सोसायटीने ‘येथे खेळू नये’ ची पाटी काढली तर.

घरी बसून वाढीवर लक्ष कसे ठेवावे?

नुसत्या किलोंवर नव्हे, रेषेवर. पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ चे तक्ते वापरतात. अंगणवाडीतून किंवा दवाखान्यातून मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात वजनाचा असा तक्ता असतो. पाच ते अठरा वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सुधारित तक्ते काढले आहेत. त्यांत जास्त वजनाची आणि लठ्ठपणाची रेषा भारतीय शरीराला धरून, प्रौढांच्या अनुक्रमे २३ आणि २७ या बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणाऱ्या आकड्याशी) जुळवून आखली आहे.

समजा, एका मुलाचे चौथ्या वाढदिवशी वजन १५ किलो आणि उंची १०० सेंटिमीटर आहे. पाचव्याला १८ किलो आणि १०७, सहाव्याला २३ किलो आणि ११४. प्रत्येक वेळी ‘छान वाढतोय’ असेच वाटते. पण वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले, तर बीएमआय १५.०, मग १५.७, मग १७.७ येतो. ज्या वयात तो खाली उतरायला किंवा स्थिर राहायला हवा, त्याच वयात तो चढू लागला आहे. बालपणी बारीक होऊन पुन्हा भरू लागण्याचे हे वळण जितके लवकर येते, तितका पुढचा लठ्ठपणा अधिक, हे फ्रान्समधील संशोधकांनी १९८४ मध्येच दाखवले होते. म्हणून दर सहा महिन्यांनी, शक्यतो वाढदिवसाला आणि त्याच्या सहा महिन्यांनंतर, दोन्ही आकडे कार्डावर लिहावेत. उंची भिंतीला टाचा टेकवून, अनवाणी मोजावी. साडेसहा किलोच्या दप्तरासह वजन करून घाबरलेले पालकही मी पाहिले आहेत.

मुलाची मान काळी पडली आहे. घासूनही जात नाही.

कृपया घासू नका. मानेमागे, काखेत काळसर, जाडसर, मखमलीसारखी झालेली त्वचा हा मळ नसतो. शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाल्याची ती बरेचदा बाहेर दिसणारी खूण असते. अनेक मुलींनी यासाठी आईकडून वर्षभर उटणे आणि बोलणी, दोन्ही सोसलेली असतात. अशा मुलाची रक्तातील साखर, यकृत आणि रक्तदाब तपासून घ्यावा. रात्री घोरणे, झोपेत श्वास अडखळणे, मुलीची पाळी अनियमित असणे, गुडघे किंवा जांघ दुखून लंगडणे, ही लक्षणेही दाखवण्यासारखी आहेत. आणि वजन वाढते आहे पण उंची थांबली आहे, असे असेल तर विलंब न लावता जावे. खाण्यामुळे लठ्ठ झालेली मुले सहसा वयाच्या मानाने उंच असतात, त्यामुळे उंची खुंटली तर थायरॉइड किंवा इतर संप्रेरकांचा विचार करावा लागतो.

घरात एकच मूल जाड आहे. फक्त त्याचाच आहार बदलावा का?

याने काम होत नाही, शिवाय मूल दुखावते. एकाच पंगतीत भावाला पुरी आणि बहिणीला फुलका, हे तिला जन्मभर आठवते. अमेरिकेतील लेनर्ड एपस्टाईन यांनी लठ्ठ मुलांवर केलेल्या प्रयोगांचा दहा वर्षांनंतरचा निकाल १९९० साली प्रसिद्ध झाला. त्यात ज्या गटात मुलासोबत पालकांनीही सवयी बदलल्या होत्या, त्या गटातील मुलांचे वजन टिकाऊपणे ताब्यात राहिले. तेलाचा महिन्याचा डबा किती आणतो, फ्रीजमध्ये काय असते, रात्रीचे जेवण किती वाजता होते, हे सगळ्या घराचे प्रश्न आहेत. बहुतेक लहान मुलांचे वजन उतरवायचे नसतेच. ते काही काळ आहे तेथेच ठेवले आणि उंची वाढू दिली की पुरते.

चिडवणे पूर्ण बंद असावे. ‘जाड्या’, ‘ढोल्या’ ही नावे घरातूनच सुरू होतात, बहुधा मामा-काकांच्या तोंडून, प्रेमानेच. घरी वजनावरून चिडवलेली मुले पुढे अधिक लपूनछपून खातात आणि त्यांचे वजन वाढतेच.

येथे आणखी एक अवघड गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे लठ्ठपणावर उपचार करताना विन्सेंट फेलिटी या डॉक्टरांच्या लक्षात आले की, उपचार सोडून जाणाऱ्या अनेकांनी बालपणी अत्याचार सोसले होते. त्यातूनच पुढे बालपणीचे आघात आणि मोठेपणीचे आजार यांचा संबंध दाखवणारा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. घरात दारू, मारहाण किंवा सततची भांडणे असतील, तर मुलाच्या हातातला खाऊ काढून घेण्याआधी तो त्याला कशासाठी लागतो आहे, हे पाहावे.

लहानपणी मी अगदी काटकुळा होतो. आता चाळिशीत वजन बेताचे आहे, फक्त पोट सुटले आहे. हे चालून जाईल ना?

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच माप जाहीर केले होते. दोघांचा बीएमआय तंतोतंत २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के तर याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. म्हणून वजनाचा काटा आपल्याला दिलासा देत असला, तरी शिंप्याची टेप घ्यावी. भारतीय पुरुषासाठी ९० आणि स्त्रीसाठी ८० सेंटिमीटरपुढची कंबर जोखमीची मानतात. अर्थात, मोठेपणी लठ्ठ असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के जण बालपणी किंवा किशोरवयात लठ्ठ नव्हते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसले आहे. तेव्हा सगळा भार बालपणावर टाकून मोकळे होता येणार नाही. कंबर या मापापुढे गेली असेल, तर उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबीचे प्रमाण तपासून घ्यावे आणि पुढच्या वेळी मुलाला वाढीच्या तपासणीला आणाल, तेव्हा ते कागद सोबत आणावेत.